मुक्कामाचा प्रश्न

मराठी प्रवासवर्णने वाचताना एक साधी माहिती बहुधा हाती लागत नाही. लेखक रात्री कोठे झोपला, त्या जागेचे त्याने काय मोजले आणि ती जागा त्याला कोणी, कोणत्या अटींवर दिली, हे कळत नाही. देवळे, समुद्र, संग्रहालये, भेटलेली माणसे यांवर पानेच्या पाने असतात. मुक्काम मात्र ‘हॉटेलवर परतलो’ किंवा ‘अमुक यांच्याकडे उतरलो’ एवढ्या वाक्यात उरकतो. पूर्वी असे नव्हते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु घरावरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळवायला निघालेल्या वरसईच्या एका भिक्षुकाचा तो प्रवास आहे, हे विसरून चालत नाही. त्यामुळे मुक्काम, शिधा, वाटेची सोबत आणि जवळची पुंजी यांची काळजी तेथे कथनाच्या मध्यभागी येते. पैसा जपून खर्च करणाऱ्या प्रवाशाला गाव निराळे दिसते. ते अधिक खरे दिसते असा आमचा दावा नाही. पण गावाच्या कोणत्या दारांवर आपल्याला थांबावे लागते, हे त्याला लवकर समजते.

हे सर्व आठवण्याचे कारण व्यावहारिक आहे. आमच्या विभागात एम.ए.च्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल कोचीला न्यावी असे घाटत आहे. बारा विद्यार्थी, दोन अध्यापक, चार रात्री. अशा नियोजनात प्रथम ‘काय पाहायचे’ याची यादी होते, मग गाडी ठरते, आणि राहण्याची सोय हा विषय कार्यालयातील लिपिकाकडे किंवा एखाद्या सहल कंपनीकडे सोपवला जातो. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. आधी खोली ठरवावी, आणि ती साध्या लॉजमधली असावी.

‘लॉज’ हा शब्द उच्चारताच स्टाफरूममध्ये जो अस्वस्थपणा पसरतो तो आम्हांला परिचित आहे. मराठीत हा शब्द बिघडलेला आहे. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी एकेकाळी तालुक्याच्या गावी प्रतिष्ठेची असे. आज ‘लॉजवर गेले’ या चार अक्षरी-दोन अक्षरी शब्दांच्या जोडीत पोलीसबातमीचा वास येतो. याच्या उलट ‘धर्मशाळा’ हा शब्द अजून सोवळा आहे. पण या दोन शब्दांचा इतिहास पाहिला तर आपल्या पसंतीचा फेरविचार करावा लागतो. धर्मशाळा किंवा दक्षिणेतले छत्रम् हे पुण्यासाठी बांधले जाते. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर अशी छत्रे उभारली. सरफोजी दुसरे यांनी ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबाळ छत्रम् हे त्यांतले विख्यात. तेथील अन्नदान, औषधोपचार, पाठशाळा या गोष्टी गौरवास्पदच होत्या. तरीही दान म्हणून मिळणाऱ्या जागेत पाहुण्याची पायरी दाता ठरवतो, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जात उभी असते. लॉज हे निदान तत्त्वतः तरी या बंधनातून सुटलेले आहे. बंदरात उतरलेला खलाशी, मोसमी वारा फिरण्याची वाट पाहणारा व्यापारी, तारखेसाठी आलेला पक्षकार यांना पुण्याशी कर्तव्य नसते. एका रात्रीचे भाडे द्यावे आणि किल्ली घ्यावी, एवढाच करार.

तत्त्वतः असे आम्ही म्हटले, कारण व्यवहारात काय होते हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात भाड्याने जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांना पारशी नाव नोंदवून राहावे लागले, आणि काही दिवसांनी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. आपण तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून शिकवतो. तो मुक्कामाचाही प्रसंग आहे, आणि त्याचे केंद्र नोंदवहीतील नावाच्या रकान्यात आहे. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्या जोडीने हॉटेलांचा उल्लेख आला. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे जुने शब्दही एकेक करून घातले आहेत. कायद्याची भाषा रुक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी ते कलम सावकाश वाचावे.

आता कोचीच का, ते सांगायला हवे. मराठीच्या विद्यार्थ्याला केरळ म्हणजे मागचे पाणी, नारळ आणि आयुर्वेदिक तेल एवढेच ठाऊक असते. वस्तुतः कोची हे आपल्या भाषेच्या शेजारघराचे गाव आहे. गोव्यातील पोर्तुगीज धर्मांतराच्या काळात दक्षिणेकडे गेलेल्या कोंकणी भाषकांची मोठी वस्ती मट्टांचेरीतील चेरळाई भागात आहे. तिरुमल देवस्वमचे देऊळ हे तिचे केंद्र. डच गव्हर्नर हेन्द्रिक फान रेडे याच्या पुढाकाराने सिद्ध झालेला ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी विद्वानही होते. या तिघांचे १६७५ चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत छापलेले आहे. नागरी मुद्रणाच्या इतिहासात हे पान किती लवकरचे आहे याची कल्पना आमच्या पदव्युत्तर वर्गातही क्वचितच कोणाला असते. ज्या गावात ते लिहिले गेले तेथे चार दिवस राहून यावे, एवढे कारण आम्हांला पुरेसे वाटते.

कोचीचे एर्नाकुलम हे आणखी एका अर्थाने आपल्या विद्यार्थ्यांचे गाव आहे. पहिल्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी जी. शंकर कुरुप येथील महाराजाज कॉलेजात मल्याळम शिकवत. वैकम मुहम्मद बशीर यांनी याच शहरात पुस्तकांचे दुकान चालवले. त्याआधी ते कित्येक वर्षे देशभर भटकले होते, मिळेल ते काम करत आणि मिळेल तेथे झोपत. भाड्याच्या खोल्या, तुरुंग, रस्ते यांतून जमवलेली माणसे त्यांच्या कथांत येतात. बशीर शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांना तलाव असलेल्या रिसॉर्टमध्ये उतरवावे यात काहीतरी विसंगत आहे. (अर्थात आमच्या अंदाजपत्रकात तो मोह उद्भवण्याची शक्यता नव्हतीच.)

राहण्याच्या दृष्टीने कोचीचे तीन भाग पडतात. फोर्ट कोची हा पर्यटकांचा. चिनी जाळी, १५२४ मध्ये येथेच मरण पावलेल्या वास्को द गामाला प्रथम जेथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च, डच घरे, आणि त्या घरांतून निघालेले असंख्य ‘होमस्टे’. होमस्टे दोघा-तिघांना उत्तम. यजमानीण प्रेमाने पुट्टू-कडला करून घालते आणि आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगते. पण चौदा जणांना ते पुरत नाही, आणि दुसरे असे की तेथे आपण सतत पाहुणे असतो. आवाज, वेळ, ओले कपडे या सर्वांत यजमानाची मर्जी सांभाळावी लागते. शिवाय त्या वस्तीतील अनेक घरे आता केवळ पाहुण्यांसाठीच उरली आहेत. सायंकाळी तेथे फिरताना गाव पाहत आहोत की गावाची मांडणी पाहत आहोत, हे कळेनासे होते.

मट्टांचेरी आम्हांला सर्वांत प्रिय. बाजार रोडवरची तांदूळ, सुंठ, मिरे यांची वखारी, ज्यू टाऊनमधले १५६८ चे सिनेगॉग, पोर्तुगिजांनी बांधून राजाला दिलेला आणि डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा, गुजराती रस्त्यावरची शाकाहारी जेवणाची ठिकाणे. एका चौरस मैलात एवढ्या भाषा कानावर पडतील असे गाव किनाऱ्यावर दुसरे क्वचित. पण येथे स्वस्त आणि मोठ्या गटाला पुरतील अशा खोल्या कमी. म्हणून दिवसा मट्टांचेरी आणि रात्री एर्नाकुलम, असा आमचा निर्णय झाला.

एर्नाकुलममध्ये साध्या लॉजना बहुधा ‘टुरिस्ट होम’ म्हणतात. जंक्शन स्थानक, बसस्थानक, ब्रॉडवेचा बाजार आणि बोट जेट्टी यांच्या दरम्यान ती विखुरलेली आहेत. येथे पर्यटक थोडे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, उच्च न्यायालयात काम असलेले लोक, रुग्णालयात कोणाला दाखल करून बाहेर थांबलेले नातेवाईक, आखाती देशांत जाण्यापूर्वी कागदपत्रांसाठी आलेले तरुण, बंगाल-आसामकडून कामाला आलेले मजूर हे येथले खरे गिऱ्हाईक. बंदर म्हणजे काय, हे धक्क्यावरच्या क्रेनपेक्षा अशा लॉजच्या जिन्यात जास्त समजते. शिवाय प्रेस क्लब रोडवरची पुस्तकांची दुकाने, महाराजाज कॉलेज आणि जेट्टी ही सर्व पायी जाण्याच्या अंतरावर राहतात. जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची बोट काही रुपयांत फोर्ट कोचीला सोडते. २०२३ पासून वॉटर मेट्रोही आहे. ती वातानुकूलित आणि सुबक आहे, पण जुन्या बोटीत बाकावर शाळकरी मुले व मासळीच्या टोपल्या शेजारी असतात, म्हणून जाताना एक आणि येताना दुसरी असे करावे. वाटेत लागणारे विलिंग्डन बेट हे रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावातून झालेले आहे, हेही बोटीतच सांगून टाकता येते.

हंगामाविषयी थोडे. जूनच्या आरंभी मोसमी पाऊस केरळात पोहोचतो आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू होऊन गाड्या संथ धावू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो. डिसेंबर-जानेवारी सुखाचा, म्हणूनच महाग. कोची-मुझिरिस बिनाले भरत असेल तर फोर्ट कोचीतील दर आणखी चढतात. एर्नाकुलमच्या टुरिस्ट होमांवर त्याचा परिणाम कमी. आम्ही फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला आहे. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेसने साधारण एक दिवस-रात्र लागते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे चार महिने नव्हे, त्यामुळे तारखा ठरवण्यात विभागाने चालढकल केली तर बारा मुलांना एका डब्यात जागा मिळणे कठीण.

खर्चाचा आकडा लपवण्यात अर्थ नाही. बिनवातानुकूलित दोघांच्या खोलीला हजार रुपयांच्या आगेमागे पडतील असे धरले आहे. सात खोल्या, चार रात्री, म्हणजे अठ्ठावीस हजार. माणशी दोन हजार. हजाराच्या आतील खोल्यांवर जुलै २०२२ पर्यंत वस्तू व सेवा कर नव्हता, मग १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला आहे. सातशेच्या आतबाहेर एका बाजूचे स्लीपरचे भाडे, रोजचे तीनशे जेवणखाणाला आणि बोट-बस-प्रवेशशुल्काला पाचशे धरले तर सारा प्रवास माणशी सहा हजारांत बसतो. महाविद्यालयाच्या पत्रावर रेल्वेची विद्यार्थी-सवलत मिळाली तर आणखी थोडे कमी. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत. आमच्या वर्गात ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणारे विद्यार्थी आहेत. दुकानात हिशेब लिहून संध्याकाळच्या व्याख्यानाला येणारेही आहेत. सहल कंपनीचा पंधरा हजारांचा प्रस्ताव आला की ही मुले ‘घरी कार्य आहे’ असे सांगून बाजूला होतात, आणि वर्गाचा फोटो त्यांच्याशिवाय निघतो. साधी खोली निवडण्यामागे साधेपणाची काही हौस नाही. कोण येऊ शकेल हे ती खोली ठरवते.

खोली पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात. कोचीची हवा इतकी दमट की सकाळी धुतलेला सदरा संध्याकाळपर्यंत ओला राहतो. तेव्हा समोरासमोर खिडक्या आणि वेगाने फिरणारा पंखा हवा. खिडकीला जाळी हवी, कारण या शहराचे डास नामांकित आहेत. आणि खोली बाजाराच्या बाजूची असेल तर पहाटे साडेचारला ट्रक उतरू लागतात हे मान्य करून झोपावे. वातानुकूलन नसल्याने कोणी मरत नाही. जेवणाला दुपारी कोठल्याही लहान हॉटेलात ‘ऊण’ मिळते: जाड तांबूस भात, सांबार, एक-दोन भाज्या, हवी तर मासळी, आणि पतिमुखम् घालून उकळलेले गुलाबी कोमट पाणी. ते पाणी पाहून पहिल्या दिवशी मुले बिचकतात. पोटासाठी बाटलीबंद पाण्याइतकेच ते बरे. ‘मुरी’ म्हणजे खोली आणि ‘वाडका’ म्हणजे भाडे, हे दोन मल्याळम शब्द पाठ करून जावेत. दुसऱ्याचे आपल्या ‘भाडे’ शब्दाशी असलेले नाते, मधल्या संस्कृत ‘भाटका’सह, भाषाविज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल.

आता अवघड भाग. साधे लॉज सर्वांना सारखे उघडे नसते. एकट्या मुलीला ‘सोबत कोण आहे’ असे विचारले जाते. दोन मुलींना ‘काम काय’ असे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किनारी गावात, फोनवर खोल्या नक्की झालेल्या असताना, आम्ही पाठवलेली नावांची यादी वाचल्यावर व्यवस्थापकाने सर्व खोल्या भरल्याचे कळवले. यादीत दोन नावे मुसलमान होती. कारण त्याने सांगितले नाही, आणि सांगितले नाही म्हणून ते सिद्धही करता येत नाही. आम्ही दुसरे लॉज शोधले आणि सहल पार पडली. त्या दोन विद्यार्थिनींनी मात्र परतीच्या गाडीत, अगदी सहज, ‘सर, पुढच्या वेळी आमची नावे शेवटी लिहा’ असे सुचवले. बडोद्याचा पाठ आम्ही त्या वर्षी पूर्वीसारखा शिकवू शकलो नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की मुक्कामाची बोलणी विभागाने, महाविद्यालयाच्या पत्रावर, स्वतः करावी. नकार यायचाच असेल तर तो संस्थेला यावा, लेखी यावा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला काउंटरसमोर पाठीवर पिशवी घेऊन तो ऐकावा लागू नये. याबाबतीत कोचीकडून शिकण्यासारखे आहे. तेथील महानगरपालिकेने २०२३ मध्ये एर्नाकुलम नॉर्थ भागात केवळ स्त्रियांसाठी ‘शी लॉज’ उघडले. ते कुटुंबश्रीच्या स्त्रिया चालवतात, आणि उघडले तेव्हा डॉर्मिटरीतील एका रात्रीचा दर शंभर रुपये होता. परीक्षेला, मुलाखतीला, उपचारांना एकट्या आलेल्या बाईला रात्र काढायला जागा देणे हे नगरपालिकेचे काम आहे असे कोणाला तरी वाटले. आमच्या नऊ विद्यार्थिनींपैकी ज्यांना तेथे राहायचे असेल त्यांच्यासाठी तेथे आधी चौकशी करायची, असे ठरले आहे. काही जणींचे मत वेगळे आहे: सर्वांनी एकाच छपराखाली राहावे, वेगळी व्यवस्था म्हणजे पुन्हा वेगळी पंगत. या मुद्द्यावर विभागात मतैक्य झालेले नाही आणि ते घाईने व्हावे असे आम्हांला वाटतही नाही. निर्णय मुलींनी घ्यावा.

अभ्याससहलीचा अहवाल विद्यापीठाला द्यावा लागतो. त्यात ‘भेट दिलेली स्थळे’ असा रकाना असतो. यंदा प्रत्येकाने आणखी एक पान जोडायचे आहे: कोणत्या खोलीत झोपलो, शेजारच्या खोलीत कोण होते, ते कोचीला कशासाठी आले होते, आणि नोंदवहीत आपल्याकडून काय काय लिहून घेतले गेले. ज्यांना मल्याळम येत नाही त्यांनी हिंदी, इंग्रजी, हातवारे यांपैकी जे चालेल त्याने बोलावे. चेरळाईत कोंकणी चालेल, आणि आमच्यातल्या मालवणच्या दोघांना तेथे दुभाषे म्हणून नेमण्यात आले आहे. तारखा ठरल्या की आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी चौदा जणांची नावे वर्णानुक्रमे कळवायची आहेत.